मोटारवेड्यांची क्षेत्रे

भाग्यनगरीस पाहुणा आला की चारमिनार, गोवळकोंडा आणि सालारजंग वस्तुसंग्रहालय ही त्रिस्थळी यात्रा त्याच्या कपाळी लिहिलेलीच असते. परंतु मोटारींचे आणि फटफटींचे वेड असणाऱ्यांची येथे निराळीच क्षेत्रे आहेत. आमचा नागपूरचा भाचा आला तो त्यांचीच यादी घेऊन. ‘‘मामा, आधी तुमच्या निजामाच्या मोटारी पाहू,’’ तो म्हणाला. ‘तुमच्या’ हा शब्द आम्हांस किंचित बोचला. तरी आम्ही निघालो.

चारमिनारजवळचा चौमहल्ला राजवाडा डागडुजीनंतर २००५ साली लोकांसाठी खुला झाला. तेथील मोटारखान्याची राणी म्हणजे पिवळ्या रंगाची रोल्स रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागविली, लंडनच्या बार्कर कंपनीने तिचा साज चढविला आणि मागील बाजूस सिंहासनासारखे उंच आसन बसविले. १९११ साली महबूब अली खान निवर्तले. त्या आसनावर बसण्याचे भाग्य त्यांच्या नशिबी नव्हते. गाडी आली ती पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या पदरी. ती केवळ समारंभापुरती बाहेर निघे आणि कित्येक दशकांत जेमतेम साडेतीनशे मैल धावली, असे सांगतात. हैदराबादहून पुणे गाठावे, एवढाच तिचा जन्माचा प्रवास!

औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्या काळी याच संस्थानात होते व तेथील शेतसारा याच खजिन्यात जमा होई. तेव्हा या गाडीच्या एखाद्या चाकावर आमचाही हक्क पोहोचतो, असे आम्ही भाच्यास सुनावले. तो हसला. पण आमच्या वाडवडिलांस मोटार ठाऊक होती ती ही नव्हे. निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ नोकर घेऊन बससेवा सुरू केली. माहेरवाशिणी, कोर्टकचेरीचे पक्षकार, परीक्षेस निघालेली पोरे अशांना अशाच गाड्यांनी धुळीतून इष्ट स्थळी पोहोचविले. रोल्स रॉइसपुढे उभे असताना आम्हांस आठवण झाली ती त्या गाड्यांची.

खिलवतहून रिक्षाने थोड्याच वेळात आम्ही बहादूरपुऱ्यात, प्राणिसंग्रहालयाजवळच्या ‘सुधा कार्स’ संग्रहालयात पोहोचलो. येथे सारेच उलट. श्री. के. सुधाकर यांनी शाळकरी वयापासून भंगारातील लोखंड, जुनी इंजिने, टाकाऊ चाके जमवून गाड्या घडविल्या आणि २०१० साली त्यांचे संग्रहालय उभारले. वांग्याची मोटार, क्रिकेटच्या बॅटीची मोटार, उंच टाचेच्या बुटाची, पेन्सिलीची, कॅमेऱ्याची! थट्टा वाटेल, पण या गाड्या चालतात. वेग किती, घडविण्यास काळ किती लागला, हे पाट्यांवर लिहिलेले आहे. सुधाकरांच्या ४१ फूट ७ इंच उंचीच्या तीनचाकी सायकलीने २००५ साली गिनेस बुकात स्थान मिळविले. वांग्याच्या मोटारीत सौंदर्य ते काय, असा प्रश्न रसिकाने खुशाल विचारावा. आम्हांस मात्र त्या ओबडधोबड जोडकामातील चिकाटी राजवाड्यातील झिलईहून अधिक वाचनीय वाटली.

बाहेर चार-पाच तरुण आपल्या जुन्या फटफटी लावून गप्पा छाटीत होते. म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत निघत असलेल्या जावा-येझदी त्या. किक मारण्याचा आणि गिअर बदलण्याचा दांडा एकच, ही त्यांची खासियत एका मुलाने भाच्यास समजावून दिली. दांडा आत ढकलून वर फिरविला की किक, खाली आणला की गिअर. कार्बुरेटर, स्प्रिंग, क्लच असे सारे त्याने दोनच मिनिटांत उलगडून दाखविले. आपण दहावीस दोनदा नापास झालो, हेही त्याने तितक्याच सहजतेने सांगितले. हातांस काळे लागलेले, पण बोलणे स्वच्छ. असा मुलगा आमच्या वर्गातील मागल्या बाकावर बसतो आणि गुणपत्रिकेत त्याच्या हातांच्या अकलेस रकाना नसतो.

पुढील महिन्यात सातवीच्या मुलांस सहलीस न्यावयाचे आहे. स्थळ कोणते, हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीत निघालाच. गोवळकोंडा सर्वांनी सुचविला. आम्ही बहादूरपुरा सुचविला आणि गणितात सदैव मागे राहणाऱ्या, पण शाळेची पाणी चढविणारी मोटार दोनदा दुरुस्त केलेल्या मुलास त्या दिवशी बाकीच्यांस यंत्रे समजावून सांगण्याचे काम द्यावे, असेही म्हटले. एका शिक्षकाने विचारले, ‘‘सर, तो सांगेल का?’’ आम्ही त्या मुलालाच बोलावून घेतले. वांग्याच्या मोटारीचे चित्र पाहून त्याचा पहिला प्रश्न होता, ‘‘सर, याचं इंजिन कुठे बसवलंय?’’