समुद्र हिरवा होतोय म्हणे! पण मोजणारा कॅमेरा बरोबर आहे, हे कोण तपासतं?

जगाचा नकाशा, समुद्रावर हिरव्या-जांभळ्या छटा आणि खाली एक ओळ: 'पृथ्वीवरच्या निम्म्याहून जास्त समुद्राचा रंग बदलला!' अशी पोस्ट तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आली असेल.

ही बातमी खोटी नाही. जुलै २०२३ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक संशोधन प्रसिद्ध झालं. नासाच्या अ‍ॅक्वा उपग्रहावर 'मोडिस' नावाचा कॅमेरा आहे. त्याची २००२ ते २०२२ या २० वर्षांची नोंद संशोधकांनी तपासली. जगातल्या सुमारे ५६ टक्के समुद्राच्या पृष्ठभागाचा रंग नैसर्गिक चढउतारापलीकडे बदललाय, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा बदल मुख्यतः उष्ण आणि समशीतोष्ण पट्ट्यात दिसतो, आणि विषुववृत्ताजवळचं पाणी हळूहळू जास्त हिरवट होतंय.

पण पोस्टमध्ये सहसा न येणारी एक गोष्ट आहे. हा बदल इतका बारीक आहे की माणसाच्या डोळ्यांना तो सहज दिसत नाही. ७०० किलोमीटर उंचीवरून, २० वर्षं सतत चालणाऱ्या एका कॅमेऱ्याने तो टिपला. मग साधा प्रश्न पडतो: या २० वर्षांत समुद्र बदलला की कॅमेरा?

या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी जगभरात एक मोठी यंत्रणा काम करते. तिच्याबद्दल पोस्ट व्हायरल होत नाहीत. पण तिच्याशिवाय हा नकाशा म्हणजे फक्त रंगीत चित्र.

रंगावरून काय कळतं?

समुद्राच्या वरच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात. त्यांना फायटोप्लँक्टन किंवा वनस्पती प्लवक म्हणतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम त्या करतात. माशांच्या अन्नसाखळीची सुरुवात त्यांच्यापासून होते, आणि हवेतला कार्बन समुद्रात ओढून घेण्यातही त्यांचा वाटा मोठा आहे.

या वनस्पतींमधलं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, निळा प्रकाश शोषून घेतं. त्यामुळे प्लवक कमी असलेलं पाणी गडद निळं दिसतं आणि प्लवक वाढले की ते हिरवट होतं. निळा प्रकाश किती परत आला आणि हिरवा किती, हे मोजलं की पाण्यात क्लोरोफिल किती आहे याचा अंदाज बांधता येतो. कल्पना सोपी आहे. मोजणं मात्र सोपं नाही.

अडचण नेमकी कुठे आहे?

उपग्रहाच्या कॅमेऱ्यात जो प्रकाश शिरतो, त्यातला फार थोडा समुद्रातून आलेला असतो. निळ्या प्रकाशात साधारण ९० टक्के वाटा वातावरणाचा असतो: हवेतले रेणू, धूळ आणि धुकं यांनी विखुरलेला प्रकाश. पाण्याच्या आतून आलेला प्रकाश जेमतेम १० टक्के. म्हणून आधी वातावरणाचा वाटा हिशेबाने वजा करावा लागतो. उरतो तो समुद्र.

हे वजनकाट्यासारखं आहे. समजा, भाजी भरलेला ट्रक काट्यावर उभा आहे. एकूण वजन १० टन. त्यात ट्रकच ९ टनांचा, भाजी १ टन. आता काटा फक्त १ टक्क्याने चुकला, म्हणजे १०० किलो. दहा टनांत ही चूक किरकोळ वाटेल. पण ट्रकचं वजन ठरलेलं असल्यामुळे सगळी चूक भाजीच्या माथी येते. १००० किलोत १०० किलो, म्हणजे १० टक्के! उसाच्या काटामारीवरून होणारी भांडणं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्वच्छ पाण्यातून येणारा निळा प्रकाश ५ टक्क्यांपेक्षा जास्त चुकू नये, असं शास्त्रज्ञांचं उद्दिष्ट असतं. त्यासाठी कॅमेऱ्यासकट सगळी मोजणी अर्ध्या टक्क्याच्या आत अचूक लागते. प्रयोगशाळेत कितीही काळजीपूर्वक तपासलेला कॅमेरा रॉकेटवर बसून अंतराळात गेल्यावर इतका अचूक राहील, याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

कॅमेराही म्हातारा होतो

अंतराळात अतिनील किरणांचा मारा असतो. आरसे आणि भिंगं हळूहळू काळवंडतात, संवेदक मंदावतात. आणि सगळ्या रंगांना हा फटका सारखा बसत नाही.

समुद्राचा रंग मोजणारा पहिला उपग्रह-कॅमेरा सीझेडसीएस. तो १९७८ मध्ये निंबस-७ वर गेला आणि १९८६ पर्यंत चालला. त्याची निळ्या प्रकाशाची संवेदनशीलता वर्षागणिक घटत गेली, आणि ती तपासण्याची आजच्यासारखी सोय त्याच्यावर नव्हती.

टेरा उपग्रहावरच्या मोडिसच्या आरशाची निळ्या रंगातली क्षमता इतकी बदलली की त्याची समुद्रविषयक माहिती वापरण्यायोग्य करण्यासाठी दुसऱ्या उपग्रहांचा आधार घ्यावा लागला. २०११ मध्ये गेलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहाच्या कॅमेऱ्यात तर वेगळाच घोळ निघाला. त्याच्या आरशांवर जमिनीवर असतानाच टंगस्टन ऑक्साइड बसलं होतं. अंतराळात अतिनील किरण पडताच ते काळं पडू लागलं आणि अवरक्ताजवळच्या पट्ट्यांची क्षमता झपाट्याने उतरली.

तेच उपग्रह, उलट उत्तरं

याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, याचं एक ठळक उदाहरण आहे. १९८० च्या दशकातला सीझेडसीएस आणि १९९७ मध्ये सोडलेला सीविफ्स यांची तुलना करून जगातल्या समुद्रांत क्लोरोफिल वाढलं की घटलं, हे शोधण्याचे प्रयत्न झाले.

२००२ मध्ये नासाचे वॉटसन ग्रेग आणि त्यांच्या सहकारी संशोधकाने निष्कर्ष काढला: सुमारे ६ टक्के घट. २००५ मध्ये फ्रान्समधल्या डेव्हिड आंत्वान यांच्या गटाने याच दोन उपग्रहांची माहिती नव्याने प्रक्रिया करून तपासली. त्यांचं उत्तर: सुमारे २२ टक्के वाढ.

दोन्ही गट नावाजलेले. कुणीही आकडे बनवले नव्हते. पण जुन्या कॅमेऱ्याची मोजणी कशी दुरुस्त करायची, वातावरण कसं वजा करायचं, कोणता काळ आणि कोणता भाग धरायचा, याबाबत त्यांनी वेगळे पर्याय निवडले. मधली सुमारे दहा वर्षं रिकामी होती. दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच दिवशी एकच समुद्र पाहिला, असं एकदाही घडलं नाही. त्यामुळे काटे जुळवून पाहण्याची संधीच मिळाली नाही.

मग काटा तपासतात कसा?

सध्या तीन गोष्टींचा आधार घेतला जातो: सूर्य, चंद्र आणि समुद्रातला एक बोया.

सूर्याकडे कॅमेरा थेट वळवता येत नाही. म्हणून उपग्रहावर एक पांढरा पडदा असतो, ज्यावरून सूर्यप्रकाश विखरून कॅमेऱ्यात येतो. हा पडदाही उन्हाने पिवळसर होतो. त्यावर उपाय म्हणून काही उपग्रहांवर दोन पडदे ठेवतात. एक नेहमीच्या वापराचा. दुसरा क्वचित उघडायचा, पहिला किती खराब झाला ते पाहण्यासाठी.

चंद्राचा उपयोग आणखी सुंदर आहे. चंद्रावर हवा नाही, पाऊस नाही, झाडं नाहीत. त्याचा पृष्ठभाग लाखो वर्षांत जवळजवळ बदलत नाही. त्याची चमक कलेनुसार बदलते, पण तो बदल हिशेबात बसतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने अ‍ॅरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ इथून वर्षानुवर्षं चंद्राचं निरीक्षण करून हे गणित तयार केलं. सीविफ्स दर महिन्याला अख्खा उपग्रह वळवून चंद्राकडे पाहत असे, तेही साधारण एकाच कलेला. महिन्यामागून महिने चंद्र फिका दिसू लागला, तर दोष कॅमेऱ्याचा.

पण चंद्र फक्त 'बदल झाला का' एवढंच सांगतो. मूळ मोजमाप बरोबर आहे का, हे कळायला समुद्रातच उतरावं लागतं. हवाई बेटांपैकी लानाई बेटाजवळ १९९७ पासून 'मोबी' नावाचा बोया तरंगतोय. तिथलं पाणी खोल आणि स्वच्छ आहे, आणि बेटाचा आडोसा असल्याने वाऱ्याचा त्रास कमी. बोयाचे हात पाण्यात वेगवेगळ्या खोलीवर प्रकाश मोजतात. काही महिन्यांनी बोया बदलला जातो, पाणबुडे त्याची भिंगं स्वच्छ करतात, आणि त्याची उपकरणं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानकांशी ताडून पाहतात. उपग्रह वरून जाताना मोबीचा आकडा आणि उपग्रहाचा आकडा जुळवला जातो. फरक पडला, तर उपग्रहाच्या मोजणीला एक दुरुस्ती-गुणक लावतात.

यात घाई चालत नाही. ढग असले, पाण्यावर सूर्य चमकला, हवेत धूळ आली की त्या दिवसाची जुळणी बाद. सीविफ्सच्या बाबतीत भरवशाचा गुणक मिळायला ३० ते ४० उत्तम जुळण्या लागतात, असं दिसून आलं. तेवढ्या जमायला २ ते ३ वर्षं जातात.

भारताचं काय?

भारताकडेही असा कॅमेरा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये इस्रोने ओशनसॅट-३ सोडला. त्यावरचा ओसीएम-३ कॅमेरा १३ पट्ट्यांत रंग मोजतो. आधीच्या ओशनसॅट-२ वर ८ पट्टे होते. त्या आधीच्या कॅमेऱ्याची मोजणी ताडून पाहण्यासाठी इस्रोने लक्षद्वीपमधल्या कवरत्तीजवळचं स्वच्छ पाणी निवडलं होतं. हवाईला मोबी, तसं आपल्याला कवरत्ती.

कोकण आणि गोव्याच्या मच्छीमारांशी याचा थेट संबंध आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था क्लोरोफिल आणि पाण्याचं तापमान पाहून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे, याची सूचना देते: कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीवर. पावसाळ्यात ढगांमुळे कॅमेऱ्याला समुद्र दिसत नाही. तेव्हा मासेमारी बंदीही असतेच.

मात्र या सूचनेसाठी मुख्यतः 'इथे जास्त, तिथे कमी' एवढं कळलं तरी भागतं. काटा सगळीकडे सारखाच थोडा चुकीचा असला, तरी दोन जागांमधला फरक बराचसा टिकतो. 'वीस वर्षांत किती बदल झाला' या प्रश्नाला ही सवलत नाही. तिथे आजचा काटा आणि वीस वर्षांपूर्वीचा काटा एकच हवा.

आणखी एक सावधगिरी. मुंबई किंवा खंबातच्या आखाताजवळ नकाशावर दिसणारा क्लोरोफिलचा गडद डाग म्हणजे दरवेळी प्लवकच असतील असं नाही. गढूळ पाण्यातला गाळही प्रकाश परत पाठवतो आणि वातावरण वजा करण्याचं गणित चुकवतो. किनाऱ्याजवळच्या आकड्यांवर खुल्या समुद्राइतका विश्वास ठेवू नये.

मग २०२३ च्या संशोधनावर विश्वास ठेवायचा का?

ठेवायला हरकत नाही, आणि त्याची कारणं वरच्या गोष्टीतच आहेत. संशोधकांनी वेगवेगळ्या उपग्रहांची माहिती जोडली नाही. एकच कॅमेरा घेतला, ज्याची सूर्य, चंद्र आणि मोबीकडून वर्षानुवर्षं तपासणी झाली आहे. शिवाय फक्त क्लोरोफिल न पाहता त्यांनी सात पट्ट्यांतले रंग एकत्र तपासले. केवळ क्लोरोफिलवरून हवामान बदलाचा ठसा ओळखायला साधारण ४० वर्षांची नोंद लागेल, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला होता. सगळे रंग पाहिल्यावर २० वर्षांत संकेत मिळाला. संगणकीय प्रारूपांनीही अशाच बदलाचा अंदाज दिला होता.

तरी 'समुद्राचा रंग बदलला' म्हणजे 'मासे वाढले' किंवा 'समुद्र मेला' असं त्यातून निघत नाही. पाण्यातली सूक्ष्म सृष्टी बदलतेय, एवढंच ते सांगतं. कशी, हे अजून शोधायचं आहे.

पुढचा धोका कोणता?

अ‍ॅक्वा आता थकलाय. इंधन संपत आल्याने त्याला ठरलेल्या वेळेच्या कक्षेत धरून ठेवणं थांबवण्यात आलंय. त्यामुळे तो ज्या वेळी समुद्रावरून जातो ती वेळ सरकतेय, म्हणजे सूर्याचा कोनही बदलतोय. त्याची जागा घेऊ शकेल असा पेस उपग्रह ८ फेब्रुवारी २०२४ रोजी गेला. तो मोजक्या पट्ट्यांऐवजी अतिनील ते अवरक्ताजवळपर्यंतचे रंग जवळजवळ सलग मोजतो आणि महिन्यातून दोनदा चंद्राकडे पाहतो. पण हाच पेस रद्द करावा, असा प्रस्ताव २०१७ मध्ये अमेरिकेच्या अर्थसंकल्पात होता. तिथल्या संसदेने पैसे दिले म्हणून तो वाचला.

तो रद्द झाला असता आणि दरम्यान अ‍ॅक्वा बंद पडला असता, तर १९८६ ते १९९७ सारखी फट पुन्हा पडण्याचा धोका वाढला असता. युरोपचे सेंटिनेल-३ आणि भारताचा ओशनसॅट-३ आहेत. पण जुना कॅमेरा चालू असतानाच नवा सोडणं, काही वर्षं दोघांनी एकच समुद्र पाहणं आणि खाली बोया तरंगत ठेवणं, या तिन्ही गोष्टी लागतात. पैसे कापायची वेळ आली की बोया आणि पडद्यांसारख्या बिनचमकदार कामांकडे आधी बोट दाखवणं सोपं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी असा नकाशा फॉरवर्ड करण्याआधी तीन प्रश्न विचारा: ही एकाच उपग्रहाची नोंद आहे की अनेक जोडलेल्या? किती वर्षांची? आणि खुल्या समुद्राची की किनाऱ्याजवळची? उत्तरं मिळाली, तर खुशाल शेअर करा.