रोग्याला कोणी विचारले काय?

दवाखाना ओस पडला की शिकलेले लोक म्हणतात, "जंगलातले हे लोक अडाणी; यांना पुजारीच बरा." हा आरोप आम्हांस मान्य नाही. पुजारी गावातच असतो, रोग्याच्या बोलीत बोलतो, त्याचे सारे ऐकून घेतो. उलट भर पावसात नाले ओलांडून रोगी खाटेवरून दवाखान्यात न्यावा, तर डॉक्टर जागेवर भेटेलच असा भरवसा नाही. भेटला तरी माडिया बाईचे दुखणे त्यास समजत नाही.

आता दुसरा दाखला पाहा. १९७३ साली हेमलकशात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तेथे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया बोली शिकले. मग दूरदूरचे रोगी पायी येऊ लागले. गडचिरोलीजवळ डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी आधी आदिवासींनाच विचारले, दवाखाना कसा हवा? आमच्या घरांसारखा, नातलगांस राहू देणारा, असे उत्तर आले. तसाच बांधला, त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. तेथे रोगी येतात. मग अडाणी कोण? रोगी, की त्याला न विचारणारा दवाखाना?

बंधुभगिनींनो, आदिवासी भागात वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारचाच नियम आहे. तो कोणाचा उपकार नव्हे. त्यात तुमच्या घामाचा पैसा आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा: डॉक्टर मुक्कामी राहतो काय? आमची बोली जाणणारे तेथे कोणी आहे काय? मत मागावयास येईल त्यालाही हेच विचारा. मुकाट्याने सोसणाऱ्याची दाद कोणी घेत नाही.