परसातील तळे आणि तीन बादल्या

भोपाळच्या बरखेड्यात शेजाऱ्यांनी मिळून कुणा एकाच्या परसात सहाएक चौरस मीटरचे तळे खणावे, अशी कल्पना मांडली की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर तो हसतो. नाही तर फावडे हाती घेऊन छायाचित्रासाठी उभा राहतो. हसणाऱ्याशी आमचे भांडण आहेच. परंतु फावडेवाल्याशी त्याहून मोठे आहे.

प्रथम हसणाऱ्याचा समाचार घेऊ. 1956 साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना स्थापन झाला आणि त्याच्या कामगारांसाठी बरखेडा, पिपलानी, गोविंदपुरा या वसाहती उभ्या राहिल्या. देशाच्या नाना प्रांतांतून कुटुंबे आली. त्यांत मराठीही होती. गावाकडची विहीर आणि पाणवठा मागे राहिला, घरात नळ आला, आणि नळापाठोपाठ अशी समजूतही आली की पाणी ही कंपनीची किंवा महापालिकेची बाब, आपली नव्हे. राजा भोजाचा अकराव्या शतकातील तलाव ज्या शहरात आहे, तेथे परसातले तळे म्हणजे डबकेच, असे हसणारा म्हणतो. परंतु भोपाळात वर्षाकाठी सुमारे 1100 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर पडणारे हे पाणी एक लाख लिटरांहून अधिक भरते आणि ते जवळजवळ सारे गटारात जाते. त्यातले तीन हजार लिटर अर्धा मीटर खोल तळ्यात थांबले तर शहराची तहान भागेल, असा दावा आम्ही करीत नाही. बेडकाला, चतुराला, पाखराला जागा मिळेल, आणि भिंतीपलीकडच्या माणसाचे नाव आपल्याला ठाऊक होईल, एवढाच आमचा दावा आहे. आणि तो लहान नाही.

दुसरा आक्षेप डासांचा. तो अधिक गंभीर आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. परंतु डेंग्यूचा डास प्रामुख्याने वाढतो तो घरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात: कूलरच्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीवरल्या जुन्या टायरात. अळ्या खाणारे लहान मासे ज्या तळ्यात फिरत असतात, तेथे त्याचे फारसे फावत नाही. ज्याच्या खिडकीतील कूलरचे पाणी पंधरा दिवसांत बदललेले नाही, त्याने तळ्यावर ठपका ठेवणे म्हणजे आरोपीनेच फिर्यादी होऊन उभे राहणे होय.

मात्र तळे आटले, मासे मेले आणि तळाशी वीतभर पाणी उरले, की हाच आक्षेप शंभर टक्के खरा ठरतो. येथे आमचा दुसरा प्रतिपक्षी, तो उत्साही मित्र, कठड्यात उभा राहतो.

मे महिन्यात भोपाळच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास उतरते. सहा चौरस मीटरच्या तळ्यातून रोज साठ लिटर पाणी उडून जाते, असा याचा हिशेब. साठ लिटर म्हणजे वीस लिटरच्या तीन बादल्या. खणण्याच्या रविवारी वीस माणसे जमतात, चहा होतो, भजी होतात, भाषणही होते. मेच्या दुपारी तीन बादल्या कोण ओतणार, हे मात्र त्या रविवारी कुणी विचारीत नाही. धुण्याभांड्यांचे निवळ पाणी असो वा साठवलेले असो, ते कुणीतरी उचलून आणावेच लागते. आणि ते कुणीतरी बहुधा त्या घरची गृहिणीच असते, जिचे नाव श्रमदात्यांच्या यादीत शोधूनही सापडत नाही.

2009 च्या उन्हाळ्यात भोपाळचा मोठा तलाव आटला, तेव्हा नागरिक मोठ्या संख्येने त्याचा गाळ काढण्यास उतरले. त्या श्रमांबद्दल आम्हांस आदर आहे. परंतु गाळ एकदा काढून संपत नाही. तो दर पावसाळ्यात पुन्हा येतो. श्रमाला ‘दान’ म्हटले की देणाऱ्याला एकदाच देऊन मोकळे होण्याची सोय मिळते, हीच त्या सुंदर शब्दातील मेख आहे.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही हीच पोकळी. राज्यघटनेच्या कलम 51 क मध्ये सरोवरे आणि नद्या यांचे रक्षण हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून 1976 साली घातले गेले. गावतळी ही समाजाची संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली हिंचलाल तिवारी खटल्यात बजावले. परंतु खाजगी परसात दहा जणांनी खणलेल्या तळ्याशी त्या दहांचे नाते काय? बहुधा काहीच नाही. पाणी फुटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर कायदा जागा ताब्यात असणाऱ्याला गाठतो. 1868 च्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या इंग्रजी निवाड्यापासून वकिलांना हे पाठ आहे. घर कंपनीचे क्वार्टर असेल, तर रहिवासी मालकही नव्हे. त्याने लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. म्हणजे श्रम दहांचे आणि जबाबदारी एकाची. अशी भागीदारी कोणताही शहाणा मनुष्य पत्करणार नाही.

आमच्या गोमंतकीय वाचकांना यात नवे काही वाटणार नाही. खाजन जमिनी भरतीच्या पातळीखाली. बांध आणि मानस यांच्या आधारानेच तेथे भात पिकते. गावकरी संस्थेने ते बांध शतकानुशतके राखले ते परोपकारबुद्धीने नव्हे. बांधाची देखभाल हे कर्तव्य होते, त्याला नेमलेली माणसे होती आणि उत्पन्नातून काढलेला खर्च होता. ती व्यवस्था ढिली पडली तेथे बांध फुटले, खारे पाणी शेतात शिरले, आणि भाताच्या जागी खारफुटी उगवली. गावकरीचे सारेच आम्हांस मान्य आहे असे नाही. जन्माने मिळणारा हक्क आणि बाहेरच्याला बंद दार हा तिचा दोष होता. तो टाकून द्यावा. पण बांध कुणाचा आणि पाळी कुणाची, हे आधी ठरवण्याची तिची शिस्त टाकू नये.

म्हणून बरखेड्यातील उत्साही मित्रांकडे आमची मागणी साधी आहे. पहिले फावडे उचलण्यापूर्वी एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: जागेची परवानगी; नुकसान झाल्यास भरपाईत प्रत्येकाचा वाटा; लहान मुलांसाठी कुंपण आणि त्याची कडी लावण्याची जबाबदारी; आणि एप्रिल ते जूनपर्यंत तीन बादल्यांची पाळी, घरागणिक, पुरुषांच्या नावांसकट. या कागदावर दहा सह्या होत नसतील तर खड्डा खणू नये; त्या जागी कढीलिंब लावावा. सह्या झाल्या, तर हसणाऱ्यांना खुशाल हसू द्यावे आणि कामाला लागावे.