आजार मोजले, इच्छेचं काय?

मैत्रिणींनो, 'मर्दानी कमजोरी'च्या जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर आपण सगळ्यांनीच वाचल्यात. त्यांत बाई कुठे असते?

१९८९ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. गडचिरोलीच्या वसा-अमिर्झा या गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यांत ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. हे आकडे आपण किती सभांत सांगितले! पण आजाराच्या पुढचं बोललोच नाही.

गावात बैठकीनंतर बाई मागे रेंगाळते. "अंगावरून जातं," म्हणते. बऱ्याच वेळानं कळतं, संबंध दुखतो; नको म्हटलं की नवरा संशय घेतो, मारतो. गोळ्यांनी संसर्ग जाईल (काही आजारांत त्या नवऱ्यानंही घ्याव्या लागतात, नाहीतर पुन्हा तेच). मनात बसलेली भीती कशानं जाणार? आणि इच्छाच होत नाही, किंवा होते, हे तिनं कुणाला सांगायचं?

हे शहरी चोचले आहेत, असं आपल्यातल्याच काहीजणी म्हणतात. मला पटत नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं, खटले सोसले, ते काय चोचल्यांसाठी?

ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्हीचे समुपदेशक आहेतच. तिथेच आठवड्यातून एक दिवस बंद दाराची खोली आणि गोंडी-माडिया जाणणारी प्रशिक्षित बाई हवी. 'जमवून घे' सांगणारी मात्र नको. निवेदन देताना 'वैवाहिक अडचणी' असं गुळमुळीत लिहू नका, 'लैंगिक' हाच शब्द लिहा.