सेटवरची बंदूक खरंच ‘खोटी’ असते का?

सिनेमातली बंदूक म्हणजे खेळणं, असा अनेकांचा समज. पण हॉलिवूडच्या सेटवर बऱ्याचदा खरीच बंदूक वापरतात. बदलतं ते काडतूस. ‘ब्लँक’मध्ये दारू असते, गोळी नसते. ‘डमी’मध्ये गोळी दिसते, दारू नसते.

१९९३ मध्ये ‘द क्रो’च्या शूटिंगसाठी डमी बनवताना दारू काढली, पण काडतुसाच्या बुडाशी असलेला प्रायमर तसाच राहिला. त्याच्या धक्क्याने गोळी नळीत जाऊन अडकली. नंतर त्याच बंदुकीतून ब्लँक झाडलं आणि ती गोळी ब्रँडन लीच्या पोटात घुसली. ब्रूस लीचा हा मुलगा अवघ्या २८ वर्षांचा होता. नेमबाजीचा छंद असणारे बंदूक साफ करताना नळीत गज फिरवतात. इथे तेवढं केलं असतं, तरी अडथळा कळला असता.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या सेटवर तर चक्क जिवंत काडतूस पोहोचलं. ॲलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. अनेक डमींमध्ये छर्रा असतो, काडतूस हलवलं की तो खुळखुळतो. म्हणजे तपासायला काही सेकंद पुरतात!

सेटवरची शस्त्रं सांभाळणाऱ्या महिलेला २०२४ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला मात्र, पुरावे बचाव पक्षापासून दडवल्याच्या कारणावरून, त्याच वर्षी रद्द झाला.