पुराचे पाणी जतला केव्हा?

मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

निवेदने देऊन झाली. पोच मिळाली, पाणी मिळाले नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

सांगलीचा महापूर आपल्याला नव्याने सांगायला नको. 2005, 2019, 2021. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली. त्याच ऑगस्टमध्ये त्याच जिल्ह्यात जत, आटपाडीला टँकर सुरू होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले. ते जायलाच हवे होते. पण लातूरपर्यंत पोचणारे पाणी जतच्या पूर्व भागात का पोचत नाही?

हिशेब साधा आहे. नदीतून 1 लाख क्युसेक पाणी दिवसभर वाहिले की 8.64 टीएमसी (अब्ज घनफूट) होते. दोन दिवसांचे 17.28. कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून दुष्काळी भागाला देणाऱ्या म्हैसाळ योजनेचे वर्षाचे नियोजित पाणी जवळपास तेवढेच. 2019 च्या पुरात खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून 5 लाख क्युसेकहून अधिक विसर्ग करावा लागला, म्हणजे दिवसाला 43 टीएमसी. पंपांनी महापूर थांबणार नाही, हे आम्हालाही कळते. पण पुराचे पाणी उचलले तर तलाव भरतील, विहिरींना पाणी उतरेल, उन्हाळ्यातले टँकर कमी होतील.

अडते ते वीजबिलावर. 81 टक्के सरकार, 19 टक्के शेतकरी, हे सूत्र सिंचनाच्या आवर्तनासाठी ठीक. भर पावसात पाण्याची मागणी कोण नोंदवणार? मग पंप सुरू व्हायला दरवेळी मोर्चा लागतो, मंत्र्यांचा आदेश लागतो, आणि तोवर पूर ओसरतो. 2022 च्या अखेरीस कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या 40 गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कुठे जतसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल हलली. आमच्या तहानेने जे झाले नाही, ते शेजारच्या राज्याच्या एका विधानाने झाले. ही आपल्या कारभाराला शोभणारी गोष्ट नाही.

मागण्या तीनच. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा योजनांसाठी कायमचा नियम करा: कृष्णा इशारा पातळीकडे निघाली की पंप सुरू, आदेशाची वाट न पाहता. त्या दिवसांचे सगळे वीजबिल आपत्ती निधीतून भरा. कोणता तलाव कधी भरणार, याचे वेळापत्रक दरवर्षी 1 जूनपूर्वी गावोगावी लावा. पुरानंतर मदत वाटायला आणि उन्हाळ्यात टँकरला पैसा निघतो. तो या बिलासाठीही निघालाच पाहिजे.

आपला,
जत तालुक्यातील एक शेतकरी