घरातील जुन्या वस्तू : आजोबांचा चाकू

जुन्या घरांतून पितळी डब्यात किंवा टाकदौतीच्या शेजारी एखादा मिटता चाकू हमखास सापडतो. बोरू तासणे, पाकिटे फोडणे, आंबा चिरणे अशी अनेक कामे त्याने केलेली असतात. तो वापरणारा हात नाहीसा झाला की चाकू मुका होतो आणि घरातील प्रत्येक जण त्याची निराळी हकीकत सांगू लागतो.

कोलकात्याच्या भवानीपूर भागातील एका मराठी वाचकभगिनींपुढे असाच प्रसंग आला आहे. त्यांच्या आजोबांनी वंगभंगाच्या वेळी स्वदेशीचे व्रत घेतले व तेव्हापासून हाच चाकू जवळ बाळगला, असे घरात सांगत आले. पाते पुसताच त्यावर ‘शेफील्ड’ ही इंग्रजी अक्षरे दिसली. ‘आता आजोबांची गोष्ट खोटी समजावी काय?’ असे त्या विचारतात. प्रश्न आजोबांच्या शब्दाचा आहे. म्हणून घाई न करता पुरावा पाहू.

प्रथम खुणा वाचाव्यात. पाते पूर्ण उघडले की मुठीलगतच्या धार नसलेल्या भागावर कारखान्याचा ठसा असतो. तिरप्या उजेडात भिंगातून तो पाहावा. पुसट असेल तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल फिरवावी. तारा आणि क्रूस ही खूण शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची. जुळ्या माणसांची जोडी जर्मनीतील सोलिंगेनच्या हेंकेल्स कंपनीची. मुकुटासह ‘व्ही. आर.’ ही अक्षरे असल्यास ती व्हिक्टोरिया राणीची (1837 ते 1901) समजावीत. सोलिंगेनचे काही कारखानदार आपल्या मालावर शेफील्डचे नाव उठवीत. अशा फसवणुकीला आळा घालण्यासाठी ब्रिटनने 1887 साली कायदा केला आणि ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द परिचित झाले.

यानंतर पोलाद पाहावे. जुने पोलाद लिंबू-आंब्याने काळवंडते. न गंजणारे पोलाद हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफील्डमध्ये तयार केले ते 1913 साली. तेव्हा पात्यावर ‘स्टेनलेस’ असा शब्द असेल, तर तो चाकू 1905 साली कोणाच्याही खिशात असणे शक्य नाही.

पात्यावर कोलकात्यातील विक्रेत्याचे नाव आढळले तर उत्तमच. थॅकर यांच्या जुन्या व्यापारी निर्देशिकांतून अशा पेढ्यांचे पत्ते वर्षवार मिळतात. त्यांसाठी अलिपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चौकशी करावी.

मूठही बोलते. हाडावर बारीक काळसर ठिपके दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या नाजूक रेषा असतात. सांबरशिंगाला खडबडीत खाचा असतात. तापलेली सुई टोचून परीक्षा मुळीच करू नये. मूठ सेल्युलॉइडची असल्यास ती पेट घेते.

सांबरशिंगाच्या मुठीत तर एक इतिहासच दडलेला आहे. अशी शिंगे हिंदुस्थानातून शेफील्डला जात. कच्चा माल येथला, कारखाना तेथला आणि गिऱ्हाईक पुन्हा येथले! मराठी घराण्यातील सखाराम गणेश देउस्कर यांनी 1904 साली ‘देशेर कथा’ या बंगाली पुस्तकात देशाच्या आर्थिक शोषणाची हीच कथा मांडली होती. देशी चाकू मात्र तेव्हा दुर्मिळ नव्हता. बर्दवानजवळील कांचननगरचे चाकू आणि कात्र्या बंगालभर नावाजलेल्या होत्या.

मग आजोबांनी विलायती चाकू का ठेवला? 7 ऑगस्ट 1905 रोजी कोलकात्याच्या टाउन हॉलमधील सभेत बहिष्काराचा ठराव झाला, तो विलायती माल विकत घेण्याविरुद्ध. आधीच घरात असलेला चाकू झिजेपर्यंत वापरणे आणि दुसरा विलायती न घेणे, यात व्रतभंग नव्हता. ठसा व्हिक्टोरियाच्या काळचा निघाला, तर गोष्टीला उलट आधारच मिळेल. ‘स्टेनलेस’ असे निघाले, तरी आजोबा खोटे ठरत नाहीत. व्रताची हकीकत दुसऱ्या एखाद्या वस्तूची असून पुढे या चाकूला चिकटली, एवढेच म्हणता येईल. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला आजच विचारावे; हा पुरावा कोणत्याही ग्रंथालयात मिळावयाचा नाही.

तोपर्यंत चाकू घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह टाळावा. पॉलिशकागद, चिंच आणि धार लावणाऱ्याचे चाक यांनी ठसा कायमचा जातो. मऊ फडके आणि सांध्यात यंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. बंगालच्या दमट हवेत चामड्याच्या म्यानात पाते गंजते; ते कोरड्या कापडात गुंडाळावे. हस्तिदंत व सांबरशिंग यांच्या खरेदी-विक्रीवर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये कडक निर्बंध आहेत, हेही ध्यानात असावे.

शेवटी एक चिठ्ठी लिहून चाकूबरोबर ठेवावी. एका बाजूस पात्यावर काय दिसले ते, दुसऱ्या बाजूस घरात काय सांगतात ते. सांगणाऱ्याचे नाव व तारीख यांसह. दोन्हींची सरमिसळ मात्र करू नये. नातवंडांच्या हाती चाकू जाईल तेव्हा खरे काय याचा निवाडा त्यांना करता येईल.